टेबलावरची रेती

दारव्ह्याहून येणारी बस बोरी अरबला आमच्या दिरांच्या घरासमोर थांबत नाही. थांबा पुढे, बाजाराच्या तोंडाशी आहे. माघातल्या एका दुपारी ती थांबली. पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं. ओसरीत आम्ही घरच्या आणि शेजारच्या बायका शेवया करत बसलो होतो आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे होते. कंडक्टर खाली उतरला. तिकिटांची पेटी त्याने उगाचच उघडली, मिटली आणि विचारलं, "नेरच्या मास्तराच्या घरच्या तुमीच न, बाई?" मी हो म्हटलं. "शाळेतून निरोप हाय जी. मास्तर शिकवता शिकवता खुर्चीवर बसले... मंग उठले नाई." ओसरीतल्या बायका रडायला लागल्या. मी मात्र पदराला हात पुसत राहिले. नवरा गेल्याचं कळलं आणि माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की बस भरलेली आहे, खिडक्यांतून लोक बघताहेत आणि माझे हात पिठाचे आहेत. हे लिहितानाही लाज वाटते. पण मी तशीच आहे आणि मास्तर अशाच स्वभावाच्या बाईबरोबर राहिले. लोक काय म्हणतील हे मला आधी सुचतं, बाकीचं मागून येतं.

त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही घेत नाही. सगळे मास्तर म्हणत, तेच मीही म्हणू लागले होते. उंचीने बेताचे, टोपी नेहमी थोडी मागे सरकलेली आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे खाली ओढलेले, कारण त्यांत दगड. खिसे उलटे केल्याशिवाय त्यांचा सदरा भिजवायचा नाही, हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकले. आमच्या बोरी अरबकडे दगड म्हणजे एकच, काळा. शेतात काळा, विहिरीत काळा, देवळाच्या पायरीला काळा. तो ज्वालामुखीच्या रसाचा, असं ते सांगत आणि त्याबद्दल त्यांची थोडी तक्रारच असे. "हा एका दमात झालेला गोटा हाय," ते म्हणत. "मले हळूहळू बसलेला पाहाचा हाय." गाळाचे खडक त्यांनी फक्त पुस्तकात पाहिले होते. छप्पन साली आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, कचेऱ्यांतले कागद इकडचे तिकडे झाले आणि त्याच धांदलीत कधीतरी मास्तरांची बदली वणीकडे निघाली. इतक्या लांब म्हणून घरचे हळहळले. मास्तर मात्र सोयरीक बघायला निघाल्यासारखे निघाले.

शाळा एका बंजारा तांड्यावर होती. शाळा म्हणजे एक कडुनिंब आणि त्याला टेकवलेला फळा. तांड्यातल्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. आता ते तिथे घरं करून राहिले होते, ज्वारी-कापूस पिकवत होते. त्यांचा नाईक थावरा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या बायकोला सगळा तांडा याडी म्हणे, म्हणजे आई. मीही याडीच म्हणायची. तिने पहिल्याच दिवशी मला चुलीसाठी माती आणून दिली आणि चुलीचं तोंड कुठे असावं यावरून माझ्याशी वाद घातला. तोंड तिच्या म्हणण्याप्रमाणे झालं आणि धूर खरंच कमी झाला. गावाकडे तांड्यातल्या माणसांविषयी जे बोललं जातं ते मीही लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे आपण या बाईच्या हातची चूल वापरतोय हे सासरी कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला होता. नाहीच कळवलं.

तांड्याच्या मागच्या टेकाडात पिवळसर तांबूस दगड होता आणि नाल्यापलीकडे राखी दगडाचे थर, वह्या एकावर एक रचाव्यात तसे. मास्तरांना काही दिवस जेवण सुचलं नाही. दोन्ही दगडांचे तुकडे आणून ते पोरांच्या हातात देत आणि डोळे मिटून चाचपायला सांगत. पिवळा म्हणजे रेतीचा दगड. डोंगर झिजले, नदीने कण वाहून आणले, पाण्याचा जोर संपला तिथे टाकले आणि वरच्या ओझ्याखाली ते एकमेकांना धरून बसले. राखी म्हणजे चुनखडी. ती विरघळलेल्या चुन्याची, थांबलेल्या समुद्राच्या तळाशी हळूहळू बसलेली. एक वाहत्या पाण्याचा, दुसरा निवांत पाण्याचा. पिवळ्यावर अंगठा घासला की कण सुटतात, पाण्याचा थेंब टाकला की तो पिऊन टाकतो. राखी हाताला गुळगुळीत लागतो, फोडला की धारदार कड निघते, थेंब अंगावरून ओघळून जातो. थावरा नाईक एकदा मागे उभं राहून हे सगळं ऐकत होता. त्याने विचारलं, "समुद्र? इथं?" मास्तर म्हणाले, "होता, नाईक. लय जुनी गोष्ट हाय." नाईकाने थोडा विचार केला. "मंग आमचे बुढे मीठ आनाले इतक्या दूर कायले जात होते?" मास्तर इतके हसले की टोपी खाली पडली. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

पुढच्या वर्षी शाळेच्या खोलीचं मनावर घेतलं गेलं. वरून सांगणं आलं होतं की पावसाळ्याआधी गावाने श्रमदानाने भिंती उभ्या केल्या तर छपराचे पत्रे आणि लाकूड मिळेल. नाही केल्या तर ते दुसऱ्या गावाला जाईल. तांड्याच्या मागे-पुढे दगडच दगड, हातही भरपूर. अडत होतं ते सांध्याला लागणाऱ्या चुन्यापाशी. मास्तर म्हणाले, चुना आपण इथेच भाजू. तांड्यातला एक माणूस पूर्वी चुनाभट्टीवर मजुरीला होता. भट्टी कशी रचायची हे त्याला येत होतं. दगड मात्र तिथे गाडीने यायचा, तो कुठला असतो ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. दगड दाखवायचं काम मास्तरांकडे आलं. त्यांनी वणीच्या बाजारातून एका सोनाराकडून शिशीत थोडं तेजाब आणलं. चुनखडीवर तेजाब टाकलं की फेस येतो, रेतीच्या दगडावर येत नाही, हे त्यांच्या पुस्तकात होतं आणि हे नाटक त्यांना सगळ्यांसमोर करून दाखवायचं होतं.

सगळा तांडा कडुनिंबाखाली जमला. राखी दगडावर थेंब पडला आणि फेस आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, आता पिवळ्यावर टाकतो, पहा, काही होणार नाही. थेंब टाकला... आणि त्याच्यावरही फेस आला. मास्तरांनी दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला, सगळ्यांवर फेस. त्यांनी त्या दगडावर दोनदा अंगठा घासलेला मी पाहिला. बोटाला रेती लागली, ती त्यांनी धोतराला पुसली. मग चेहरा उजळला आणि म्हणाले, "म्हनजे हा बी चुनखडीच निंघाला. रंग तेवढा येगळा." नाईकाने विचारलं, "मंग जवळचा घेतला तं चालन?" नाल्यापलीकडून गाड्या आणणं म्हणजे बैलांचे हाल होते. "चालन न, नाईक. दोघाहीले फेस येते, पाह्यलं न तुमी." बोटांनी जे सांगितलं होतं त्यापेक्षा त्यांनी शिशीवर विश्वास ठेवला. पुस्तक वाचलेल्या माणसाकडूनच अशी चूक होते.

आता लाकडं. तांड्यात होळी हा वर्षाचा सण. आपल्या गावात होळी संध्याकाळी पेटते, तांड्यात ती दुसऱ्या दिवशी पहाटे पेटते. तिच्यासाठी तरणी पोरं कितीतरी आधीपासून रानातून लाकडं आणून रचतात आणि वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला असेल त्या घरचा धुंड नावाचा विधी त्या होळीसाठी थांबलेला असतो. त्या वर्षी नाईकाच्याच घरी नातू झाला होता. नाईकाच्या दारात पंचायत बसली आणि जे ठरलं ते नाईकाने येऊन सांगितलं. होळीची लाकडं भट्टीला द्यायची. याडीने तोंड फिरवलं होतं; नातवाचा धुंड होता, तिला ते आवडलेलं नव्हतं. नाईक म्हणाला, "होळी दरसाल येते. शाळा एकडावच येऊन राह्यली." हे वाक्य मास्तरांनी मला इतक्या वेळा सांगितलं की नाईकाचा आवाजही मला पाठ झाला.

भट्टी विझून निवली त्या दिवशी मी नारळ आणि कुंकू घेऊन गेले होते. नवं लुगडंही नेसले होते, मास्तरीणबाई म्हणून. भाजलेल्या चुनखडीवर पाणी टाकलं की ती सुस्कारे टाकते, फुगते, फुटते, वाफा निघतात, हे मास्तरांनी सगळ्यांना इतकं सांगून ठेवलं होतं की पोरं कानांवर हात ठेवूनच उभी होती. पाणी टाकलं. काही झालं नाही. आणखी टाकलं. दगड लाल पडले होते, पाणी पिऊन ते जागच्या जागी ढासळले... कानांवरचे हात हळूहळू खाली आले. याडी पुढे झाली, तिने ओंजळभर उचललं, बोटांतून गाळलं आणि म्हणाली, "ई तो रेत छ, मास्तर." कोमट रेती. बस्स. कुणी हसलं असतं तर फार बरं झालं असतं. माझ्या हातातला नारळ फोडायचा की घरी न्यायचा हे मला कळेना. शेवटी मी तो पदराखाली घेतला आणि घरी येईपर्यंत मान वर केली नाही.

त्या वर्षी होळी कमरेएवढीच झाली. काटक्या, गोवऱ्या आणि कुणाच्या तरी मोडक्या वखराचं लाकूड. नाईकाच्या नातवाचा धुंड तिच्याच उजेडात झाला. होळीनंतर तांड्यातल्या बायका फाग मागतात. वाटेवर माणसाला अडवतात, गाण्यातून त्याची टर उडवतात, वर्षभरातलं काही सोडत नाहीत आणि काहीतरी घेतल्याशिवाय सोडत नाहीत. आम्ही दोघं वाटेने चाललो होतो. त्यांनी आमच्या पुढच्या माणसाला अडवलं, मागच्याला अडवलं. आम्हाला वाट दिली. आदल्या वर्षी मास्तरांना त्यांनी भरपूर पिडलं होतं. यंदा एक शब्द नाही. मास्तर खिशात हात घालून उभे राहिले, मागतील म्हणून, आणि मग तसेच चालू लागले. मी मनात म्हटलं, झालं, आपल्याला वाळीत टाकलं. माणूस चेष्टेच्याही लायकीचा राहिला नाही.

संध्याकाळी मास्तरांनी पिवळ्या आणि राखी दगडाचा एकेक तुकडा माझ्या चुलीत सारला आणि पिठलं होईपर्यंत फुंकणीने फुंकत बसले. राखी दगडाला चुलीत पूर्ण भाजायची धग मिळाली नाही, तरी बाहेर काढून पाणी टाकल्यावर त्याच्या कडा तडकल्या आणि थोडी पांढरी पूड सुटली. पिवळ्याची रेती झाली. ते कितीतरी वेळ त्या दोन ढिगांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक खडा चुलीत टाकला असता न, तं त्याहिची होळी वाचली असती." पुढे वणीच्या हायस्कुलातल्या एका विज्ञानाच्या मास्तरांनी त्यांना समजावून सांगितलं की काही रेतीच्या दगडांत कणांना सांधणारा चुना असतो, गवंडी दगड सांधतो तसा. फेस आला तो त्या सांध्याला. हे कळल्यावर त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट, हे तर भिंतीसारखंच होतं आणि आपल्याला दिसलं नाही, असं म्हणून ते आणखी खट्टू झाले.

पावसाळ्याआधी भिंती व्हायच्याच होत्या. दुसऱ्या भट्टीला लाकडं नव्हती. त्या दिवसांत शेतातला कापूस वेचून झालेला असतो आणि लोक कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, उपटून बांधावर रचतात, वर्षभराचं जळण म्हणून. मास्तर आसपासच्या गावांतून दारोदार पऱ्हाट्या मागायला निघाले आणि प्रत्येक दारात, कुणी विचारो न विचारो, ती भट्टीची गोष्ट सांगू लागले. एका कुणबी पाटलाच्या ओसरीवर मी बरोबर होते. "मास्तर, तांड्यावाल्याहीनं म्हने रेती भाजली?" पाटील हसत हसत म्हणाले. भट्टी गाडीवाटेच्या कडेला होती, तो लाल रेतीचा ढीग येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत होता. मास्तर म्हणाले, "त्याहीनं नाई, पाटील. म्या भाजली. त्याहीनं इचारलं व्हतं, म्याच चालन म्हनलं." पाटील आणखी हसले, घरातल्या बायकांना बोलावून त्यांनाही ऐकवायला लावलं आणि एक गाडी पऱ्हाट्या दिल्या. मी खांबाआड उभी होते. मला वाटलं, पऱ्हाट्या मागाव्यात की. इज्जत कशाला सोबत तोलून द्यायची? पुढे मास्तर एकटेच जाऊ लागले, मी डोकं दुखतंय म्हणायची.

दुसरी भट्टी राखी दगडाची लागली. पाणी टाकल्यावर असा काही फुत्कार झाला की याडी मागे सरकताना पडता पडता वाचली. भिंती पिवळ्या दगडाच्या चढल्या, तो दगड घडवायला सोपा. सांध्याला राखी दगडाचा चुना, आणि चुन्यात मिसळायला तीच भाजलेली रेती. ढीग भिंतीत गेला. मृग लागायच्या आत पत्रे चढले. मला वाटलं, संपलं. चूक भिंतीत गाडली गेली, आता तिचं नाव निघायचं कारण नाही.

पण मास्तरांच्या तोंडून ते निघतच राहिलं. आर्णीला बदली झाली, तिथून नेरला. प्रत्येक ठिकाणी घरातल्या टेबलावर ते दोन दगड, एक पिवळा, एक राखी. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी दगड. अंगठा घासा, थेंब टाका आणि मग भट्टी, होळी, रेती, सगळं. शाळेतही वर्षाचा पहिला भूगोलाचा तास हाच. पिवळ्या दगडाचे कण रोज टेबलावर सांडत आणि मी ते रोज सकाळी फडक्याने पुसत असे, पुटपुटत. माझे वकील भाऊ पहिल्यांदा नेरला आले तेव्हा मी मास्तरांना आधीच बजावलं होतं की आज दगड नको. जेवण झालं, पान झालं आणि मास्तरांनी पिवळा दगड त्यांच्या हातात दिला. भाऊ हसले, पण मला माहेरचं हसू ओळखू येतं. ते गेल्यावर मी नको नको ते बोलले. "अहो, जगात चुका काय तुमच्या एकट्याच्याच होतात? दुसरी माणसं झाकतात, तुम्ही ताटात वाढता. त्या तांड्यातल्या लोकांनी चारी मुलखात केली तेवढी बदनामी पुरे नाही का?" ते टोपी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "लाकडाच्या जागी पऱ्हाट्या आनून दिल्या आपन. होळी नाई देता आली." मी म्हटलं, म्हणून काय जन्मभर? ते म्हणाले, "अन् ढीग त्याहिच्या दारात व्हता, कुसुम. माह्या दारात नाई." या वाक्याचा अर्थ मी विचारला नाही. मला भांडी घासायची होती.

मास्तर गेले तेव्हा नेरचं घर माणसांनी भरलं होतं आणि मी, खरं सांगते, एकच गोष्ट मनात घोकत होते. भाषणं होतील, त्यात भट्टीची गोष्ट निघेल. निघालीच. शोकसभेत तीन जणांनी सांगितली आणि लोक डोळे पुसता पुसता हसले. मी बायकांत बसले होते, पदर डोळ्यांपर्यंत ओढून. लोकांना वाटलं रडते आहे.

चौदावा होऊन गेल्यावर, होळीच्या थोडं आधी, थावरा नाईक आला. त्याला कुणाकडून तरी उशिरा कळलं होतं. याडी दोन वर्षांपूर्वी गेली, हे मला त्याच्याकडून तेव्हा कळलं. आम्ही कुणी विचारपूस ठेवली नव्हती. मास्तर ठेवून होते की नाही मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. म्हातारा टेबलाजवळ बसला. त्याची नजर दोन दगडांवर गेली. पिवळा उचलून त्याने अंगठा घासला, कण पडले. "हा कायले ठेवला मास्तरनं?" मी म्हटलं, "त्यांना ती गोष्ट सगळ्यांना सांगायची असायची. भट्टीची." नाईकाने दगड खाली ठेवला. "सांगत व्हता? आमाले वाटलं, नुसत्या पऱ्हाट्या मांगत फिरते."

"सगळ्यांना. येईल त्याला."

त्याने अंगठ्याला लागलेले कण पुसले. मग म्हणाला, "आमी तं कोनाले नाई सांगतलं, बाई. त्या दिवशीच पंचायतीत ठरोलं व्हतं. ही गोठ तांड्याच्या बाहेर जानार नाई. मास्तर शिकलेला मानूस, त्याले उद्या दुसऱ्या शाळेत जा लागते. लोक पुसतीन, काहून रे बावा, रेती भाजली कोनं, तं सांगाचं, आमालेच समजलं नाई. बाया म्हनत व्हत्या, होळीले गानं तं करू मास्तरवर. माही बुढी म्हने, नाई. गानं पाय लावून चालते, गावोगाव जाते. त्या साली मास्तरकडून फाग नाई मांगू..."

आम्हाला वाट दिली ती यासाठी होती. ज्या बाईच्या नातवाची होळी आम्ही जाळली, तिने आपल्या तांड्याचं तोंड आमच्यासाठी बंद ठेवलं होतं. रस्त्याने जाणारा-येणारा त्यांना अडाणी म्हणून हसत होता आणि ते ऐकून घेत होते. आणि मास्तरांना तेच सहन होत नव्हतं. ढीग त्यांच्या दारात होता. तो आपला आहे हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून ते पऱ्हाट्यांच्या मिषाने गावोगाव सांगत फिरले आणि पुढेही थांबले नाहीत, कारण ऐकलेलं हसू कुठवर गेलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी तांड्याची लाज स्वतःच्या डोक्यावर घेतली, तांड्याने त्यांची. दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही. या सगळ्यात एकटी मी होते जिला फक्त स्वतःच्या नाकाची काळजी होती, आणि मी इतकी वर्षं बदनामीचा दोष घातला तो तांड्यावर. नाईकासमोर हे बोलायचं धाडस झालं नाही. मी त्याला चहा दिला. तो बशीत ओतून प्याला, आणि उठताना मिशीत हसून म्हणाला, "मास्तर सांगत व्हता तं आमाले सांगाचं तरी. आमी उगाच गानं सोडलं."

मीही हसले, आणि नंतर दाराला टेकून रडले. मास्तर गेल्यावर पहिल्यांदा, कोण बघतंय हे न बघता.

होळी झाली. नेरला आमच्या गल्लीत ती संध्याकाळी पेटली. मी दाराशी उभी होते आणि तांड्यातली पहाट आठवत होते. आम्हाला मूलबाळ नाही. मास्तरांचे कपडे, पुस्तकं देऊन झाली. दगड कुणी मागितले नाहीत आणि मीही कुणाला दिले नाहीत. घराला उगाच सवय लागलेली असते. सकाळी मी फडकं घेऊन टेबलापाशी जाते. पिवळ्या दगडाखाली कण पडलेले असतात, कुणी अंगठा घासलेला नसतानाही.

काल शेजारच्या वत्सलाबाई हळद मागायला आल्या. त्या या गल्लीत नव्या, मास्तरांना त्यांनी पाहिलेलं नाही. टेबलाकडे बघून म्हणाल्या, "हे गोटे कायले ठेवले जी? रेती सांडते न." इतकी वर्षं मी अशा वेळी म्हणत आले, काही नाही, असेच, आमच्या ह्यांचा नाद. जिभेवर तेच आलं होतं. चेहरा तापला, कान तापले. लाज काही मास्तरांबरोबर गेलेली नाही, ती इथेच आहे. फडकं खाली ठेवलं. पिवळा दगड त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "अंगठा घासून बघा. बसा, सांगते. वणीकडे एका तांड्यावर एकदा चुन्याऐवजी रेती भाजली गेली. लोक तांड्याला हसले. पण चूक तांड्याची नव्हती हो, आमच्या घरची होती."